हशा कुठून येतो? जत्रेच्या नाटकातली ३२ वर्षं

विंगेतला

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकात मी गेली ३२ वर्षं काम करतो. दिवसा बँकेत कॅशियर, रात्री तालीम. त्यातली निम्म्याहून अधिक कामं विनोदी. परवा एका तरुण मुलाने विचारलं, "काका, लोक हसतात ते नेमकं कशाला?" त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्रभर विचार केला, तो इथे लिहून काढतोय. तुमचे अनुभवही लिहा.

गोव्याबाहेरच्या सभासदांसाठी आधी थोडं. आमच्याकडे जत्रेला, कालोत्सवाला, शिगम्याला गावातलीच माणसं नाटक बसवतात. मानधन कोणाला नाही, उलट पदरचे पैसे घालायचे. दोन महिने तालीम आणि प्रयोग एकच. पालखी देवळात परतली की तिसरी घंटा होते आणि पडदा पडेपर्यंत पहाट उजाडायला आलेली असते. समोर चटईवर बसलेल्यांत निम्मे तुमचे नातेवाईक, उरलेले शेजारी. तुमची दाढी कोण करतो, तुमचं कोणाशी भांडण चालू आहे, तुमच्या मुलीचं लग्न कुठे ठरतंय, सगळं त्यांना ठाऊक असतं.

आता मुद्द्याचा प्रसंग. आमच्या गावात देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' आजवर चार वेळा झालं आणि चारही वेळा फाल्गुनराव मी केला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाच्या डोक्यात किडा शिरतो. तिकडे घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनरावाने सावरलेलं कृत्तिकेने पाहिलेलं असतं. म्हणजे पुरावा दोघांकडेही आहे, आणि दोन्ही पुरावे पोकळ.

तिसऱ्या खेपेचा प्रयोग. तसबीर म्हणून आम्ही आमच्याच अश्विनशेठचा फोटो सोनेरी चौकटीत बसवला होता. तो मुलगा गावच्या पोस्टात कामाला. मी कृत्तिकेच्या हातून तसबीर हिसकावली ती निसटली, फळ्यांवरून घसरत गेली आणि कडेवरून खाली, पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या मांडीत पडली. आजींनी ती उचलली. पदराने पुसली. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. दिव्याच्या बाजूला तिरकी धरून बघितली आणि शेजारणीला, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो, हो पोस्टांतलो चलो न्हय गो?" (अगं, हा पोस्टातला मुलगा ना गं?)

मंडप फुटला. प्रॉम्प्टरने पुस्तकात तोंड लपवलं. कृत्तिका प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. पेटीवाल्यांचा हात भात्यावरून सुटला.

मला हसू आलं नाही. दाबलं असंही नाही, आलंच नाही. डोक्यात एवढंच होतं की तो पुरावा आहे आणि तो परत मिळायला हवा. मी कडेला गेलो, गुडघे टेकून बसलो, हात पुढे केला, आणि आजींच्या तोंडाकडे बघता बघता खरोखरच मनात आलं: या बाईंनाही हा माणूस माहीत आहे! मी विचारलं, "म्हणजे... तुम्हीसुद्धा ओळखता याला?"

त्यावर जो हशा झाला तसा मी पुन्हा ऐकलेला नाही. पुढच्या रांगा आधी, मग मधल्या, मग मागे खाज्यांच्या दुकानांपाशी उभी असलेली माणसं, आणि त्यांचं ऐकून पुन्हा पुढच्या रांगा. आजींनी तसबीर छातीशी धरली आणि अगदी सरळपणे "व्हय" म्हणाल्या. मी ती घेतली, उठलो, कृत्तिकेकडे वळलो आणि लिहिलेलं पुढचं वाक्य म्हटलं. ते वाक्य रोजचं, त्यावर एरवी कोणी हसत नाही. त्या रात्री त्यालाही हसले.

चौथ्या खेपेला मी तसबीर मुद्दाम पाडली. नेमकी तिथेच, त्याच रांगेत. एका मुलाने उचलून दिली. मी तसाच गुडघे टेकून बसलो, तेच वाक्य, तोच आवाज. चार माणसं हसली, तीही माझ्या ओळखीची म्हणून. अंक संपल्यावर विंगेत आमचे जुने तालीम मास्तर उभे होते. त्यांनी मला नाटकात आणलं, आता ते नाहीत. ते म्हणाले, "तूं आदींच हांसलो, देखून लोक हांसूंक नात." (तू आधीच हसलास, म्हणून लोक हसले नाहीत.)

माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तसबीर सुटायच्या आधीच मला पुढचा हशा ऐकू येत होता. फाल्गुनरावाला तो ऐकू येता कामा नये. फाल्गुनराव दुःखी माणूस आहे, त्याचा संसार मोडायला आलाय. तो जितका मनापासून दुःखी तितके लोक हसणार. मी त्याचं दुःख बाजूला ठेवून त्याच्या हशावर डोळा ठेवला आणि लोकांनी तो डोळा पाहिला.

३२ वर्षांत मला कळलेलं एवढंच आहे. बाकी टायमिंग, पॉज, आवाज यांवर बोलता येईल, पण ते सगळं यानंतरचं.

---

पेडण्याचो

काका, वाचताना अंगावर शहारा आला. आमच्या बाजूचा दाखला देतो.

मी दशावतार बघत वाढलो. आमच्याकडे अजून 'धयकालो' म्हणतात. आख्यानाआधीच्या भागात संकासुर येतो. काळा वेश. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस, शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. भरजरी कपड्यांतली देवमंडळी अलंकारिक बोलतात, आणि हा राक्षस मात्र आमच्या बोलीत. मृदंगवाल्याशी वाद घालतो, समोर बसलेल्या माणसाला विचारतो, "काजूचो दर कितें रे?"

दशावतारात संहिता लिहिलेली नसते हे अनेकांना माहीत नाही. रात्री काय लावायचं ते रंगपटात ठरतं, कथा सर्वांना पाठ, संवाद मात्र उभ्या उभ्या रचायचे. म्हणून संकासुर करणारा नट गावात लवकर पोचतो. चहाच्या गाड्यावर बसतो. कोणाची विहीर आटली, कोणाच्या बागेत माकडं शिरली, पंचायतीत काय झालं, सगळं ऐकून घेतो. रात्री ते त्याच्या तोंडून बाहेर पडतं. लहानपणी मला वाटायचं, याला आमच्या गावचं सगळं कसं ठाऊक, हा खरंच राक्षस असणार.

तुमच्या आजींनी जे केलं तेच संकासुर करतो. नाटकातलं आणि गावातलं यांच्यामधला पडदा एका वाक्यात बाजूला सारतो. फरक एवढाच की तिथे ते काम नटाचं, तुमच्याकडे आजींनी केलं.

---

माशेलकरीण

लेख आवडला, आजी तर फारच. पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, रागावू नका.

आमच्या माशेलात नाटकाचं वेड सर्वांना. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून मी एकही जत्रेचं नाटक चुकवलेलं नाही. एक प्रकार मात्र मला आजही बोचतो. धिप्पाड पुरुषाने साडी नेसायची, पोट पुढे काढायचं, डोळे मारायचे की झालं. किंवा नाटकात एक सावळी, जाडी मुलगी असते, तिचं लग्न ठरत नाही आणि तिने तोंड उघडलं की हसायचं. माझी धाकटी नणंद अशा एका नाटकाला माझ्या शेजारी बसली होती. तीही हसत होती. घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि मग रात्रभर बोलली नाही. तिच्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, तो बाकीच्यांसारखा नव्हता.

तुम्ही म्हणता पात्राचं दुःख मनापासून करायचं. त्या मुलीचं दुःख कोणी मनापासून केलं असतं तर लोक हसले असते का?

---

विंगेतला

माशेलकरीणताई, रागवायचं कसलं. हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, फार पूर्वी.

मी अशी दोन कामं केली आहेत. एकात साडी नेसली होती. पहिल्या एंट्रीला छप्पर उडेल असा हशा, दुसऱ्या एंट्रीला अर्धा, तिसऱ्या अंकात नुसती कुजबुज. साडीचा विनोद एकदाच येतो. त्यानंतर नट घाबरतो आणि जास्त करायला लागतो, आणि जास्त केलं की ते हिडीस होतं. मी तेच केलं.

नंतर त्याच मास्तरांनी दुसऱ्या एका नाटकात मला विधवा मावशीचं काम दिलं. तालमीत त्यांनी पहिले पंधरा दिवस मला साडी नेसूच दिली नाही. माझ्या सख्ख्या मावशीकडे जाऊन बस म्हणाले. ती पान कसं लावते, पाहुणा आला की आधी पदर सारखा करते की आधी पाट मांडते, मागून कोणी हाक मारली तर मान वळवते की सगळं अंग वळवते. मावशी सगळं अंग वळवायची, गुडघे दुखायचे म्हणून. प्रयोगात मी तसा वळलो आणि बायकांच्या बाजूने हशा आला. पुरुषांच्या बाजूने नंतर. तो हशा "अगो, आमची आई अशीच वळते" असा होता. तुमच्या नणंदेला त्या दिवशी आपल्याकडे बोट दाखवल्यासारखं वाटलं. मावशी बघताना कोणाला तसं वाटलं नसावं, निदान बायका प्रयोगानंतर येऊन माझे हात धरून गेल्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हसले असते, पण दुसऱ्या कोणाला. तिला बघायला येणाऱ्या मंडळींना. पोह्यांची बशी उचलताना आव आणणाऱ्या त्या मुलाला. मुलगी मनापासून उभी राहिली की नाटकातला हशा जागा बदलतो.

---

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, नाटक फक्त बघतो. विषयाला धरून दोन गोष्टी.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, कट्ट्यांवर, कॉलेजच्या आवारात लोक बोलता बोलता कधी हसतात ते टिपून ठेवलं. असे १,२०० प्रसंग. त्यांतल्या फार तर २० टक्के प्रसंगांत आधी काही विनोदासारखं बोललं गेलं होतं. बाकी सगळं "बरं, भेटू मग", "तू पण ना" असल्या साध्या वाक्यांवर. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या ३० पट तो चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. एकोणिसाव्या शतकात डुशेन या फ्रेंच डॉक्टरने मांडलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण ठरवून हलवू शकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खरं हसू आल्याशिवाय बहुतेकांना तसा हलवता येत नाही. ओठ आवरले तरी डोळे बोलतात. तुमच्या मास्तरांना विंगेतून, बाजूने, बहुधा डोळ्याचा कोपराच दिसला असणार.

जत्रेतल्या हशाचं मला आणखी एक जाणवतं. चटईवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. शेजारच्याचं पोट हललेलं तुम्हाला अंगाला कळतं. खुर्च्यांच्या नाट्यगृहात मध्ये हात टेकायचा दांडा येतो.

---

तिसरी घंटा

मी दिग्दर्शन करतो, बरीच वर्षं स्पर्धांची नाटकं बसवतोय. विंगेतल्या काकांबद्दल आदर आहे, पण या धाग्यात एका बाजूचंच बोलणं चाललंय असं वाटतं, म्हणून लिहितो.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. भरतमुनींनी ही उतरंड उगाच लावलेली नाही. मंडप फुटणं ही नाटकाची कसोटी मानली तर आपण नटाला अतिहसिताच्या मागे धावायला लावतो. मला पाचव्या रांगेतलं एक स्मित हवं असतं. ओठ हलले न हलले, आणि माणूस घरी जाताना त्याच्याशीच बोलत गेला, असं.

दुसरं, भाषा. आपण घरात कोंकणी बोलतो, मंचावर मराठी. गोव्याच्या नटाला हशाची सर्वांत सोपी किल्ली सापडलेली आहे: भारदस्त मराठी संवादात एक कोंकणी शब्द टाकायचा. "महाराज, आपण खंय गेल्ले?" की हशा. मी अशी नाटकं पाहिलीत की प्रत्येक पानावर हे. तिसऱ्यांदा आलं की मला नटाची दया येते. स्पर्धेत परीक्षक यावर गुण कापतात आणि मला ते योग्यच वाटतं.

---

विंगेतला

तिसरी घंटा साहेब, तुम्ही बसवलेलं एक नाटक मी पाहिलंय (नाव घेत नाही, तुमची ओळख उघड होईल). त्यातलं ते बापाचं पत्र वाचणं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. म्हणून तुम्ही लिहिलंय ते दोनदा वाचलं.

उतरंडीशी मात्र मी सहमत नाही. रात्री दोन वाजता माझ्यासमोर जो बसलाय तो सकाळी सहाला कुळागरात पाणी लावायला गेलेला असतो. तो हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारतो, डोळ्यांतून पाणी काढतो. त्याला अधम कोणी म्हणू नये. शास्त्रकारांनी हास्याची लक्षणं नेमकी टिपली, डोळे कसे, नाकपुड्या कशा, खांदे कसे, ते मी मानतो. पण कोणाचं हसू उत्तम आणि कोणाचं अधम हे रंगमंचावरून मला तरी कधी दिसलं नाही. अंधारात फक्त आवाज येतो, आणि आवाजावरून एवढंच कळतं की माणूस मोकळा झाला की नाही.

कोंकणी शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि अर्धं चूकही आहे. एका स्पर्धेत आमच्याही शेऱ्यात "भाषेची सरमिसळ" असं लिहून आलं होतं. मला ते लागलं, आणि अजून लागतं. कारण तो शब्द आम्ही टाकला नव्हता. नोकराचं काम करणारा मुलगा मालकाशी अंकभर शुद्ध मराठी बोलत होता. मालकाने काठी उगारली तेव्हा त्याच्या तोंडून "आवय गे!" निघालं. तालमीत निघालं, आम्ही ठेवलं. ठेच लागली, भाजलं, भ्यालो की आपल्या सगळ्यांच्या तोंडून आधी कोंकणी येतं, शाळेत मराठी शिकलेल्यांच्याही. तो नोकर अंकभर मराठीचा सदरा घालून उभा होता आणि भीतीने त्याचं बटण तुटलं. लोक त्याला हसले.

तुमच्या "खंय गेल्ले"मध्ये कोणाचं काही तुटत नाही. तिथे तो शब्द फुकटचा आहे, हे शंभर टक्के मान्य.

---

मडगांवची संध्याकाळ

मी मडगावची. घरात नाटक मराठी, शेजारी सगळा तियात्राचा, म्हणजे गाण्यांसह होणाऱ्या कोंकणी नाटकाचा मोहल्ला. लहानपणी शेजारच्या आंटीबरोबर तियात्राला जायचे. भाषा कोंकणी असली तरी आमच्या कोंकणीहून वेगळी, अर्धी कळायची. हसू मात्र पूर्ण यायचं.

पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालं, गोव्यात नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. त्याची मांडणी आपल्या नाटकापेक्षा निराळी. एक पडदो (प्रवेश) झाला की कांतारां, म्हणजे गाणी. कांतारांचा कथेशी संबंध असेलच असं नाही, सरकारवर, महागाईवर, नवऱ्यावर, काहीही. आणि कथेत आई मरणाला टेकलेली असते, मुलगा दारूत बुडालेला असतो, मंडपभर हुंदके, की लगेच विनोदी जोडी आत येते. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं. आंटीच्या एका डोळ्यात आधीच्या प्रवेशाचं पाणी आणि तोंडावर या प्रवेशाचं हसू. तिने रुमाल खाली ठेवलाच नाही. म्हणाली, ठेवून काय उपयोग, पुन्हा लागणारच आहे.

मराठीत 'एकच प्याला' बघताना मला तीच आठवण झाली. १९१९ सालचं नाटक, दारूने संसार बुडतो, आणि मध्ये तळीराम आपलं आर्यमदिरामंडळ घेऊन बसलेला. त्या मंडळातल्या गप्पांना हसून हसून आपण सैल होतो, आणि मग त्या दारुड्याच्या बायकोचं, सिंधूचं जातं येतं. हसलो नसतो तर ते जातं इतकं आत गेलं नसतं. काका, हसवणाऱ्या नटाला पुढे येणाऱ्या रडण्याची जाणीव ठेवून खेळावं लागतं का?

---

विंगेतला

ताई, तळीराम मी केलेला नाही, करायची इच्छा फार आहे. पण ज्यांनी केला त्यांच्याबरोबर मी काम केलं आहे. ते म्हणत, तळीरामाला नाटकाचा शेवट माहीत नाही, मग मी कशाला लक्षात ठेवू. ते मेजवानीला बसल्यासारखे बसायचे. तळीराम दारूचं समर्थन करतो ते त्याला पटलेलं असतं. ते बोलणं ऐकताना क्षणभर आपल्यालाही पटतं, आणि नंतर त्याची लाज वाटते. जाणीव लेखकाने ठेवलेली असते. नटाने तिच्यात हात घालू नये.

पेडण्याच्या भावाला राहून गेलं: चहाच्या गाड्यावर बसून गाव ऐकणं, हे मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या किती जणांना असं ऐकायचं सुचतं? आम्ही संध्याकाळपासून रंग लावून आरशात बघत बसतो.

---

पहिल्या वर्षाचा

ज्याने काकांना तो प्रश्न विचारला तो मीच. घरी जाऊन ते इतका विचार करतील असं वाटलं नव्हतं.

मला अजून अडतं. सगळे "टायमिंग टायमिंग" म्हणतात. माझं वाक्य पाठ असतं, मी ते वेळेवर टाकतो, तरी हशा येत नाही. आणि आलाच तर माझं पुढचं वाक्य हशात बुडतं. थांबलो तर मंच रिकामा वाटतो. नेमकं काय करायचं?

---

विंगेतला

बाबा, शेवटापासून सांगतो, ते सोपं आहे.

हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरतो. माथ्यावर असताना बोललास तर बुडालास. पूर्ण उतरू दिलास तर सगळं पुन्हा शून्यापासून. उतरायला लागला, निम्म्याच्या खाली आला, की पुढचा शब्द टाकायचा, आणि तो पहिला शब्द बिनमहत्त्वाचा हवा. "बरं", "हे बघा", असा. तो बुडाला तरी चालतं. मोकळ्या मंडपात आणखी एक बघायचं: पुढचे हसून संपतात तेव्हा मागचे सुरू होतात. नवखा नट पुढच्यांच्या हिशेबाने बोलतो आणि मागच्यांचं वाक्य जातं. मागच्यांसाठी थांब. बंद नाट्यगृहात हशा एकदम येतो आणि एकदम जातो, तिथे इतकं थांबलास तर मात्र पडशील.

थांबताना मंच रिकामा वाटतो म्हणतोस, कारण तू थांबून काही करत नाहीस. फाल्गुनराव थांबतो तेव्हा तो विचार करतो. खरा विचार कर, हा माणूस खोटं बोलतोय की काय, आता काय विचारू. विचार करणाऱ्या माणसाकडे लोक कितीही वेळ बघतात.

आता सुरुवातीचं. वाक्य वेळेवर टाकतोस म्हणजे कोणाच्या वेळेवर? तुझं लक्ष तुझ्या वाक्यावर असतं, समोरचा बोलत असताना तू मनात तुझी ओळ घोळवतोस. तालमीत मी पाहिलंय, तुझे ओठ हलतात. आजींचा तो हशा आठव. आजी बोलल्या नसत्या तर मला काय सुचलं असतं? मी त्यांचं ऐकलं म्हणून सुचलं. हशातला मोठा वाटा समोरच्याने दिलेला असतो. समोरचा सरळ, साधा, मन लावून प्रश्न विचारतो तेव्हाच तुझ्या उत्तराला धार येते. आमची कृत्तिका मला इतक्या दुखावल्या आवाजात उत्तर द्यायची की मला वेगळं काही करावंच लागत नसे. टाळ्या मला पडायच्या, बक्षीस माझ्या नावाने पुकारलं जायचं. मी ते तिच्या हातात दिलं, तर लोकांना वाटलं मी औदार्य दाखवतोय.

वाक्याची रचनाही बघ. ज्या शब्दाने उलगडा होतो तो शेवटी हवा, आणि त्यानंतर श्वास सोडायचा, दुसरा शब्द नाही. नवीन मुलं वाक्याच्या मागे "ना", "तर", "म्हणजे" लावतात. तेवढ्याने हशा जातो. देवलांच्या वाक्यात असा फालतू शब्द शोधून दाखव.

---

तिसरी घंटा

काका, "बटण तुटलं" हे मी लक्षात ठेवीन. माझ्या नव्या नाटकात एक म्हातारा वकील आहे. तो कोर्टात फक्त मराठी बोलतो. त्याचं बटण कुठे तुटेल याचा कालपासून विचार करतोय. अजून सापडलं नाही. एक जागा दिसते, पण तिथे हसू येईल की रडू, ते तालमीतच कळेल.

देवलांचा विषय निघालाच आहे म्हणून एक माहिती. संशयकल्लोळचं मूळ मर्फी नावाच्या नाटककाराच्या इंग्रजी नाटकात, आणि त्याचं मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनात. तिथेही तसबीर आहे, तिथेही घेरी आलेली मुलगी आहे. देवलांनी माणसांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावं दिली, आणि १९१६ साली ते संगीत होऊन आलं. पॅरिसची ती तसबीर फोंड्यातल्या आजींच्या मांडीत येऊन पडली, हे मी काल रात्री बायकोला वाचून दाखवलं.

---

माशेलकरीण

काका, तुमचं उत्तर नणंदेला पाठवलं. आता तिला दोन मुलं आहेत, काणकोणला असते. तिने मावशीचा परिच्छेद वाचून फोन केला. विचारत होती, यंदा तुमचं नाटक कधी आहे. तारीख सांगा, आम्ही दोघी येतो.

---

विंगेतला

ताई, जत्रेच्या दुसऱ्या रात्री, तारीख मी व्यनि करतो. पालखी आत गेल्यावर सुरू होईल, म्हणजे साडेअकरा धरून चला. चटई घेऊन या, पुढे जागा ठेवायला सांगतो. यंदा पाचव्यांदा संशयकल्लोळ. फाल्गुनराव मी नाही, दुसरा मुलगा करतोय. मी विंगेत.

---

पहिल्या वर्षाचा

काल तालमीला गेलो. काकांनी मला भादव्या दिलाय, फाल्गुनरावाचा नोकर. पण दोन तास एकही वाक्य म्हणू दिलं नाही. म्हणाले, फाल्गुनरावाच्या समोर उभा राहा आणि तो काय बोलतो ते ऐक, पहिल्यांदाच ऐकतोयस असं. पहिला तासभर माझे ओठ हलत होते, पेटीवाल्या मामांनी दोनदा टोकलं. मग कधीतरी मला आपली ओळ आठवायची राहूनच गेली. फाल्गुनराव तसबिरीबद्दल काहीतरी बोलला आणि मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, कारण मला खरंच कळेना हा असं का बोलतोय. तालीम बघायला बसलेली सगळी हसली. मी काकांकडे वळून बघितलं, तर त्यांनी हाताने खूण केली, तिकडे बघ, फाल्गुनरावाकडे.

आज साडेआठला पुन्हा आहे.